पान नंबर हाताने टाकू नका, वर्डला टाकू द्या

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दोन गोष्टी हमखास होतात. पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि माझ्या टायपिंगच्या दुकानात पेनड्राइव्ह घेतलेल्या पोरापोरींची रांग लागते. "मालक, फक्त प्रिंट काढायचीय, उद्या सबमिशन आहे." या वाक्यातल्या 'फक्त'ने मला आजवर लई छळलंय.

मागच्या हंगामात पूर्व भागातली एक मुलगी आली होती. यंत्रमाग कामगारांवरचा प्रोजेक्ट, ८४ पानं, टायपिंग तिचं स्वतःचं आणि चांगलं केलेलं. प्रत्येक पानाच्या तळाशी तिने एंटर मारत मारत खाली जाऊन मधोमध आकडा टाइप केला होता. १, २, ३ असं शेवटपर्यंत. आदल्या दिवशी गाईडनी सांगितलं, सतराव्या पानावर मजुरीचा एक तक्ता टाक. तिने टाकला. तक्ता दहा ओळींचा. मग काय, सतरा हा आकडा अठराव्या पानावर वरून दहाव्या ओळीत जाऊन बसला, अठरा एकोणिसाव्या पानावर त्याच जागी, आणि असं थेट चौऱ्याऐंशीपर्यंत. परिच्छेदाच्या मधोमध एकटाच आकडा. ती म्हणाली, "काका, रात्रभर बसून परत टाकते." मी म्हटलं, बस, पाच मिनिटांचं काम आहे.

खरंच पाच मिनिटांचं आहे, पण आधी एक गोष्ट डोक्यात बसली पाहिजे. पान नंबर हा मजकुराचा भाग नाही. पानाच्या तळाशी फूटर नावाची एक पट्टी असते, माथ्यावर हेडर नावाची. त्या पट्टीत एकदा जे ठेवाल ते प्रत्येक पानावर आपोआप उमटतं. आपल्याकडे जकार्ड मागावर पंचकार्डांची माळ चढवतात ना, तसंच. फूल एकदा कार्डात पाडलं की प्रत्येक चादरीवर तेच फूल येतं, विणकराला दर चादरीला ते नव्याने काढावं लागत नाही. फरक एवढाच की फूटरमध्ये आपण आकडा ठेवत नाही. 'इथे या पानाचा जो काही नंबर असेल तो दाखव' अशी सूचना ठेवतो. त्या सूचनेला वर्डमध्ये फील्ड म्हणतात. मजकूर वाढो, कमी होवो, तक्ता येवो, आकडा बरोबरच राहतो.

आता कामाला लागू. मी मायक्रोसॉफ्ट वर्ड धरून सांगतो, कारण दहातल्या नऊ फाइली त्यातल्याच येतात.

आधी हाताने टाकलेले आकडे असतील तर ते आणि त्यांच्यासाठी मारलेले एंटर काढून टाका. होम टॅबवर उलट्या पी-सारखं एक चिन्ह आहे, ते दाबलं की प्रत्येक एंटर डोळ्यांना दिसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबूनही तेच होतं. हे चिन्ह काम संपेपर्यंत चालूच ठेवा. नवीन प्रकरण नव्या पानावर न्यायचं असेल तर एंटरची रांग लावायची नाही, कंट्रोल दाबून एंटर मारायचा. एकदाच.

मग इन्सर्ट टॅब उघडा. उजवीकडे हेडर, फूटर आणि पेज नंबर अशी तीन बटणं शेजारी-शेजारी दिसतील. पेज नंबर दाबा, त्यातलं बॉटम ऑफ पेज निवडा. तिथे नमुन्यांची लांबलचक यादी येते. त्यातला प्लेन नंबर २ घ्या, तो मधोमध साधा आकडा असतो. खालचे नक्षीवाले नमुने, गोल, पट्ट्या, त्रिकोण वगैरे प्रोजेक्टला घेऊ नका. लग्नपत्रिकेला शोभतील, प्रबंधाला नाही. आकडा सगळ्या पानांवर आला की एस्केप दाबा किंवा मजकुरावर कुठेही दोनदा क्लिक करा, म्हणजे फूटरमधून बाहेर याल.

आकड्याचा फॉन्ट किंवा साइज बदलायची असेल तर फूटरवर दोनदा क्लिक करा, आकडा निवडा आणि नेहमीसारखं बदला. एका पानावर बदललं की सगळीकडे बदलतं. आकडा फार खाली जातोय, प्रिंटरमध्ये अर्धा कापला जातोय असं झालं तर तिथेच वर फूटर फ्रॉम बॉटम असं लिहिलेलं दिसेल. ते माप अर्ध्या इंचाच्या खाली नेऊ नका. पानाच्या अगदी कडेला बहुतेक घरगुती प्रिंटर शाई टाकू शकत नाहीत.

मुखपृष्ठावर नंबर नको असतो. फूटरमध्ये शिरल्यावर वर जो नवा टॅब येतो त्यात डिफरंट फर्स्ट पेज अशी चौकट आहे, तिच्यावर टिक करा. पहिल्या पानावरचा आकडा जातो. पण लक्षात घ्या, आकडा फक्त दिसेनासा होतो, पान मोजलं जातंच. त्यामुळे दुसऱ्या पानावर २ येतो. तिथे १ हवा असेल तर पेज नंबर, त्यात फॉरमॅट पेज नंबर्स, आणि खाली स्टार्ट ॲट समोर ० लिहा. मुखपृष्ठ शून्यावं झालं, पुढचं पहिलं. आठ-दहा पानांच्या असाइनमेंटला एवढं पुरतं, पुढचं वाचायची गरज नाही.

प्रोजेक्टवाल्यांनी आणि प्रबंधवाल्यांनी मात्र थांबा.

आपलं विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २०१९ मध्ये नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ झालं आणि मुखपृष्ठावर ते एका ओळीत बसवताना आमची तारांबळ उडायला लागली. पण पान नंबरांची रीत तेव्हाही हीच होती आणि आताही हीच आहे: मुखपृष्ठावर नंबर नाही, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांना छोटे रोमन आकडे, आणि पहिल्या प्रकरणापासून साधे आकडे, एकपासून. तुमच्या विभागाची नियमावली वेगळं काही सांगत असेल तर तीच खरी, आधी ती वाचा.

एकाच फाइलमध्ये दोन तऱ्हांचे नंबर हवेत म्हटल्यावर फाइलचे दोन भाग पाडावे लागतात. त्या भागांना सेक्शन म्हणतात. पान तोडणं वेगळं आणि सेक्शन तोडणं वेगळं. निम्मे लोक इथेच फसतात.

पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकावर जा. 'प्रकरण पहिले' यातल्या 'प्र'च्या अगदी आधी कर्सर ठेवा. त्याच्या वर आधीच पेज ब्रेक मारलेला असेल तर तो पुसा, नाहीतर मध्ये एक कोरं पान येईल. आता लेआउट टॅब, त्यात ब्रेक्स. वर्ड २०१३ किंवा त्याआधीचं असेल तर टॅबचं नाव पेज लेआउट असतं. ब्रेक्स दाबल्यावर यादी दोन तुकड्यांत दिसते. वरच्या तुकड्यात नुसतं पेज असं आहे, ते घ्यायचं नाही. खालच्या तुकड्यात सेक्शन ब्रेक्सच्या शीर्षकाखाली नेक्स्ट पेज आहे, ते घ्यायचं. चिन्ह चालू असेल तर आधीच्या पानाच्या शेवटी दुहेरी टिंबांची रेघ आणि तिच्यात सेक्शन ब्रेक अशी अक्षरं दिसतील. ती दिसली की अर्धं काम झालं.

आता पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावरच्या फूटरवर दोनदा क्लिक करा. पट्टीच्या डाव्या टोकाला सेक्शन २ आणि उजव्या टोकाला सेम ॲज प्रीव्हियस असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे हे फूटर वरच्या भागाच्या फूटरला बांधलेलं आहे. वरच्या टॅबमधलं लिंक टू प्रीव्हियस हे बटण दाबून ती गाठ सोडा. सेम ॲज प्रीव्हियस ही अक्षरं गेली पाहिजेत. हेडरची गाठ वेगळी असते. हेडरमध्येही काही असेल तर तिथे जाऊन तीही सोडा.

खरं सांगायचं तर नुसते रोमन आणि साधे एवढाच फरक हवा असेल तर ही गाठ न सोडताही चालतं. आकड्याची तऱ्हा प्रत्येक सेक्शन स्वतःपाशी ठेवतो, फूटरमध्ये असते ती फक्त 'नंबर दाखव' ही सूचना. पण तरीही सोडाच म्हणतो मी, आणि त्याला कारण माझीच एक जुनी फजिती आहे. एका गिऱ्हाईकाला सुरुवातीच्या पानांवर नंबरच नको होते. मी वरच्या भागातला आकडा निवडला आणि डिलीट केला. गाठ तशीच होती. खालच्या सगळ्या प्रकरणांतले आकडेही त्याबरोबर उडाले. पाच प्रती छापून, काळ्या रेक्झिनमध्ये सोनेरी अक्षरांची बाइंडिंग करून झाल्यावर ते कळलं. त्या पाच प्रतींचा खर्च माझ्या खिशातून गेला.

गाठ सोडल्यावर तिथेच पेज नंबर, फॉरमॅट पेज नंबर्स. वर नंबर फॉरमॅटमध्ये साधे आकडे निवडा, खाली स्टार्ट ॲट वर टिंब ठेवून १ लिहा, ओके. मग वर सरकत सेक्शन १ च्या फूटरमध्ये या. पुन्हा तीच खिडकी, आणि यावेळी नंबर फॉरमॅटमध्ये छोटे रोमन आकडे. इथेही स्टार्ट ॲट पहिल्यापासून. डिफरंट फर्स्ट पेजवर टिक करा, म्हणजे मुखपृष्ठ कोरं राहील. मुखपृष्ठ न दिसणारं रोमन एक, प्रमाणपत्र रोमन दोन. बरोबर आहे ते.

इथे एक खोडी आहे. सेक्शन तोडण्याआधीच तुम्ही डिफरंट फर्स्ट पेजवर टिक केलेली असेल, तर ती टिक नव्या भागातही तशीच उतरते. मग पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावरून नंबर गायब आणि दुसऱ्यावर २. "मालक, एक नंबर कुठं गेला ओ?" हे मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. सेक्शन २ च्या फूटरमध्ये जाऊन टिक काढली की तो परत येतो.

दुसरी खोडी. काही जण हौसेने प्रत्येक प्रकरणाला वेगळा सेक्शन करतात. करायला हरकत नाही, पण दुसऱ्या प्रकरणापासून पुढे त्या खिडकीत स्टार्ट ॲट नाही, कंटिन्यू फ्रॉम प्रीव्हियस सेक्शन निवडलेलं असलं पाहिजे. नाहीतर प्रत्येक प्रकरण एकपासून सुरू होतं आणि फाइलमध्ये पाच-पाच 'पान ३' तयार होतात.

तिसरी, आणि सगळ्यात महाग. सेक्शन ब्रेकची ती दुहेरी रेघ चुकून डिलीट केली तर वरचा भाग खालच्या भागाचं रूप घेतो. लोकांना उलट वाटतं. म्हणजे तुमचे रोमन आकडे जातील, साधे राहतील. असं झालं तर लगेच कंट्रोल झेड.

आता मराठी आकड्यांचं. यावर आमच्या दुकानात जेवढा वाद होतो तेवढा शेंगा चटणी कुणाची चांगली यावरही होत नाही. मराठीतून प्रबंध लिहिणाऱ्याला खाली इंग्रजी आकडे नको असतात, आणि ते बरोबरच आहे. मग तो काय करतो? आकडा निवडतो आणि फॉन्ट मंगल करतो. काही होत नाही. निर्मला करतो, कोकिळा करतो, तरी आकडा इंग्रजीच. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, इंग्रजी एक आणि मराठी एक ही दोन वेगवेगळी अक्षरं आहेत, दोघांचे संकेतांक वेगळे. फॉन्ट म्हणजे नुसता कपडा. कपडा बदलून माणूस बदलत नाही. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या काही फॉन्टांत इंग्रजी एकाच्या जागी मराठी १ चं चित्रच बसवलेलं असायचं, म्हणून तिथे फॉन्ट बदलला की आकडा बदलल्यासारखा दिसायचा. ती सवय अजून लोकांच्या हातात आहे. तसा फॉन्ट वापरून घरी सगळं छान दिसतं आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की आकडे परत इंग्रजी.

सरळ रस्ता असा. फाइल मेन्यूतून ऑप्शन्स, त्यात लँग्वेज. तिथे लिहिण्याच्या भाषांच्या यादीत हिंदी जोडा. वर्ड बंद करून पुन्हा उघडा. आता फॉरमॅट पेज नंबर्सच्या यादीत खाली सरकत गेलात की १, २, ३ दिसतील. तेच निवडा. त्याच यादीत अक्षरी आकडेही असतात, पण ते हिंदी मोजणीचे, एक, दो, तीन असे. तिकडे जाऊ नका. मराठी प्रबंधाच्या दुसऱ्या पानावर 'दो' छापून आलेलं मी पाहिलंय.

'एकूण ४२ पैकी पान ३' असं टेंडरच्या किंवा कोर्टाच्या कागदांना लागतं. वर्डमधला तयार नमुना इंग्रजी क्रमाचा आहे, आधी चालू पान, मग एकूण. मराठीत क्रम उलटा, म्हणून आपण स्वतः बांधायचं. फूटरमध्ये 'एकूण' टाइप करा, एक जागा सोडा, मग इन्सर्ट टॅबमधलं क्विक पार्ट्स, त्यात फील्ड, यादीतून नमपेजेस निवडा. पुढे 'पैकी पान' टाइप करा आणि आल्ट, शिफ्ट, पी एकत्र दाबा. चालू पानाचा आकडा येतो. फाइलला रोमन आकड्यांचा वेगळा भाग असेल तर नमपेजेस तोही मोजतं. तेव्हा त्याऐवजी सेक्शनपेजेस घ्या.

आकड्याच्या जागी महिरपी कंसात इंग्रजीत पेज असं काहीतरी दिसायला लागलं तर घाबरू नका, फाइल बिघडलेली नाही. आल्ट आणि एफ ९ चुकून दाबलं गेलंय. परत दाबा. लॅपटॉपवर सोबत एफएन बटणही धरावं लागतं कधी कधी.

मोठा तक्ता आडव्या पानावर घ्यायचा असेल तर त्या पानाच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेक्शन ब्रेक लागतात, मगच मधलं पान आडवं करा. आकडा जागा सोडून डावीकडे सरकलेला दिसला तर कारण बहुतेक फूटरमधला टॅब (कीबोर्डवरच्या टॅब बटणाने सोडलेली जागा) असतो. टॅब काढा, साधं सेंटर करा.

लिबरऑफिस वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे सेक्शनच्या जागी पेज स्टाइल असते. इन्सर्टमधून हेडर अँड फूटर, त्यात फूटर चालू करा. मग इन्सर्ट, फील्ड, पेज नंबर. नवीन मोजणी सुरू करायची तर इन्सर्टमधल्या मॅन्युअल ब्रेकच्या खिडकीत पेज ब्रेक निवडून स्टाइल द्या आणि चेंज पेज नंबरवर टिक करून १ लिहा. लिबरऑफिसचा हट्ट असा की विषम नंबर उजव्या पानावरच आला पाहिजे. म्हणून विषम पानानंतर पुन्हा १ सुरू केलात तर छपाईत मध्ये एक कोरं पान येऊ शकतं. ते कोरं पान फाइलमध्ये शोधत बसू नका, तिथे ते नाहीच.

गूगल डॉक्समध्ये इन्सर्टमधून पेज नंबर्स, आणि समोर आलेल्या चार नमुन्यांतला एक. असाइनमेंटला चालतं. प्रबंधासाठी मी ते सुचवणार नाही.

अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी. शीर्षकांना हेडिंग १, हेडिंग २ अशी स्टाइल दिलेली असेल तर रेफरन्सेस टॅबमधून टेबल ऑफ कंटेंट्स एका क्लिकवर येतं आणि नंबर तेच घेतं. पण ते आपोआप बदलत नाही. फाइलमध्ये काहीही फेरफार केला की अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९ दाबायचं आणि अपडेट एंटायर टेबल निवडायचं. त्या मुलीची अनुक्रमणिका हाताने लिहिलेली होती, ती मात्र आम्हा दोघांना बसून परत करावी लागली. त्यात पाऊण तास गेला.

प्रिंटच्या वेळी एक घोळ ठरलेला. वर्डच्या खिडकीच्या अगदी तळाच्या पट्टीत (फूटर नव्हे) डावीकडे जो पान नंबर दिसतो तो फाइलच्या पहिल्या पानापासून मोजलेला असतो, छापलेला नव्हे. त्या पट्टीवर राइट क्लिक करून सेक्शन आणि फॉरमॅटेड पेज नंबर या दोन्हींवर टिक करून ठेवा, गोंधळ मिटतो. आणि दुसऱ्या सेक्शनची पहिली पंधरा पानंच हवी असतील तर प्रिंटच्या खिडकीत पेजेससमोर इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत पी१एस२-पी१५एस२ असं, मध्ये जागा न सोडता लिहा. पी म्हणजे पान, एस म्हणजे सेक्शन. नुसतं १-१५ लिहिलंत तर कुठलं पहिलं पान हे वर्डला कसं कळणार?

दुकानात येताना वर्ड फाइलबरोबर पीडीएफही आणा. सेव्ह ॲजमध्ये पीडीएफ निवडलं की होते. तुमच्या घरचं वर्ड आणि माझं वर्ड वेगळ्या सालचं, फॉन्ट वेगळे, त्यामुळे ओळी सरकतात आणि पानं पुढेमागे होतात. पीडीएफमध्ये ते होत नाही. फक्त मला "पान ४१ परत काढा" म्हणताना छापलेला ४१ की पीडीएफच्या खिडकीत दिसणारा ४१ ते सांगा. आधी मुखपृष्ठ धरून सात रोमन पानं असली तर छापलेला ४१ पीडीएफमध्ये ४८ वर असतो.